टर्बो बसवताय? या चुका टाळा, नाहीतर पिस्टन हातात येतो

दर उन्हाळ्यात माझ्या गॅरेजवर दोन-तीन पोरं येतातच. मोबाईलवर टर्बोचा (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा दाबणारा पंखा) फोटो आणि प्रश्न एकच, "मामा, हा बसवला तर किती एचपी वाढंल?" गाडीचं इंजिन कोणतं, कम्प्रेशन (सिलेंडरमधली हवा किती पट दाबली जाते ते) किती, कशाचाच पत्ता नाही. घोडं नाही अन् नाल घेऊन फिरायलेत.

सगळ्यात मोठी चूक हीच, इंजिन न बघता टर्बो घेणं. आजकालच्या साध्या पेट्रोल इंजिनाचं कम्प्रेशन ११ च्या आसपास असतं, कारण त्याला बूस्ट (टर्बोनं दाबलेल्या हवेचा जादा दाब) मिळणार नाही हे धरूनच ते बनवलेलं असतं. बलेनो आरएसचं १ लिटर बूस्टरजेट बघा, कम्प्रेशन १०, ताकद १०२ पीएस (एचपीसारखंच माप), अन् पिस्टनपासून पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरपर्यंत सगळं टर्बो धरून दिलेलं.

परभणीकडच्या एका पोरानं बाराशे सीसीच्या पेट्रोल गाडीला ऑनलाईन मागवलेला स्वस्तातला टर्बो लावला, बूस्ट ०.६ बार, इंटरकूलर (दाबलेली हवा गार करणारी जाळी) म्हणे नंतर टाकू. मे महिना, बाहेर ४३ डिग्री. हवा दाबली की तापते, एवढ्या उन्हातली हवा ०.६ बारला दाबली की टर्बोतून शंभर डिग्रीच्या वर निघते, आणि ती तशीच ११ च्या कम्प्रेशनमध्ये कोंबली की स्पार्कची आग पोहोचायच्या आधीच कोपऱ्यातलं पेट्रोल आपोआप भडकतं. नॉकिंग म्हणतात ते हेच. चढाला डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज यायचा, तर पठ्ठ्यानं गाण्याचा आवाज वाढवला! आठवडाभर गाडी बुंगाट पळाली, मग जिंतूरच्या अलीकडं सायलेन्सरमधून निळा धूर अन् पिकअप गायब. टोचन करून आणली. प्लग काढला तर चिनीमातीवर चांदीसारखे बारीक ठिपके, म्हणजे पिस्टनचं ॲल्युमिनियम. तिसरा पिस्टन बाहेर काढला तर दोन रिंगांच्या मधली कड तुटून माझ्या तळहातावर पडली. टर्बो मात्र एकदम ओके. हाफ इंजिनचं, म्हणजे इंजिन उघडून पिस्टन-रिंगा बदलायचं काम निघालं, बिल टर्बोच्या तिप्पट.

मी आधी कम्प्रेशन टेस्ट घेतो, चारी सिलेंडरचा दाब सारखा नसला तर पुढं बोलतच नाही. मग इंटरकूलर, मोठे इंजेक्टर, इंधनाचा पंप आणि वाइडबँड (हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा सेन्सर) लावून इसीयूचं, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं ट्युनिंग. साध्या इंजिनला ०.४ बारच्या वर मी जात नाही, कुणी कितीही व्हिडिओ दाखवू द्या. थंडीत केलेलं ट्युनिंग मे महिन्यात परत तपासतो. खरं विचाराल तर कंपनीचीच टर्बो गाडी घ्या. तेच १२४८ सीसीचं डिझेल इंजिन स्विफ्टमध्ये ७५ पीएस द्यायचं आणि व्हीजीटी (पाती गरजेप्रमाणं वळणाऱ्या) टर्बोवर अर्टिगात ९०, तेही वॉरंटीसकट.

सुपरचार्जरचं खूळ असंल तर एवढं ध्यानात ठेवा, तोही हवाच दाबतो पण इंजिनच्या बेल्टवर फिरतो, लॅग (ताकद यायला लागणारा उशीर) नाही पण इंजिनचीच ताकद खातो. डिझेलला ट्युनिंग बॉक्स (जादा डिझेल सोडायला लावणारा) लावून काळा धूर काढणाऱ्यांनो, ती पावर नाही, अर्धवट जळालेलं डिझेल आहे. क्लच जुनाच ठेवला तर तो घसरणार. आणि मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ वाचा, आरसीत एक अन् बॉनेटखाली दुसरंच असं चालत नाही, विम्याच्या क्लेमच्या वेळी तर मुळीच नाही.

हायवेवर गाडी ताणून आणली अन् धाब्यावर थांबल्या थांबल्या चावी काढली, हे तर रोजचंच. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, ऑईल बंद झालं की आत राहिलेलं तेल जळून कोळसा होतं. मी एक मिनिट आयडलवर ठेवतो, तोवर सीटवरच बसून राहतो.

आता माझं सगळ्यात डोकं फिरवणारं, ऑईल रिटर्न पाईप. टर्बोत तेल बारीक पाईपातून दाबानं जातं पण परत येताना नुसतं उतारानं येतं, म्हणून रिटर्न पाईप जाड पाहिजे, सरळ खाली पाहिजे अन् चेंबरमध्ये (इंजिनखालच्या तेलाच्या टाकीत) तेलाच्या पातळीच्या वर जोडलेला पाहिजे. जालन्याहून एक डिझेल जीप आली होती, निळा धूर, दोन टर्बो बदलून झालेले. खाली शिरून बघितलं तर रिटर्न पाईप चेसीला लागतो म्हणून कुणीतरी वरून वळवलेला, मधे हा एवढा उंटाचा कुबड! तेल तिथं तुंबायचं आणि सीलमधून सायलेन्सरात जायचं. जाड होज आणला, चेसीच्या आतून सरळ सोडला, धूर बंद. जुने दोन्ही टर्बो मालकानं आधीच भंगारात घातले होते.