ब्लोअरचा रेट कंट्रोल: आधी बादली, मग कंट्रोलर

फळछाटणीनंतर आमच्या द्राक्षबागेत डावणी या बुरशीरोगाचं औषध चाललं होतं, ट्रॅक्टरमागच्या ब्लोअरने, म्हणजे पंख्याच्या हवेने फवारणाऱ्या मशीनने. एकरी ठरलेलंच पाणी पडावं म्हणून त्यावर रेट कंट्रोल बसवलेलं, त्याचा डबा म्हणजे कंट्रोलर. नऊ फुटी ओळी, प्रत्येक ओळ साधारण ३०० फुटांची, टाकी ६०० लिटरची. एकरी ४०० लिटर धरलं तर टाकीत दीड एकर निघायला हवं, म्हणजे चोवीस ओळी. टाकी विसाव्या ओळीला संपली. ट्रॅक्टरवर धाकटा भाऊ होता. तो खाली उतरला, कंट्रोलरकडे बोट दाखवून म्हणाला, "स्क्रीनवर तर चारशेच दावतंय की!"

स्क्रीन चुकीचं दाखवत नव्हती. कंट्रोलर बसवून देणाऱ्याने रुंदी ३.३ मीटर भरली होती, म्हणजे अकरा फूट. आमची ओळ २.७४ मीटरची. मशीन अकरा फुटांच्या हिशोबाने इमानेइतबारे पाणी सोडत होतं आणि दीड एकराचं औषध सव्वा एकरावर पडत होतं. माल निर्यातीचा असेल आणि रेसिड्यू, म्हणजे मालात उरलेला औषधाचा अंश, तपासला जाणार असेल तर ही चूक नुसत्या वाया गेलेल्या औषधापुरती राहत नाही.

सांगली जिल्ह्यातल्या तासगाव, पलूस, कवठेमहांकाळ पट्ट्यात आता बरेच जण ब्लोअरवर रेट कंट्रोल बसवतात. घेताना काय बघायचं आणि घेतल्यावर कसं लावायचं, ते आमच्या चुकांसकट खाली लिहितो.

तीन प्रकार, आणि कुणाला काय

सगळ्यात साधा म्हणजे स्प्रिंगचा रेग्युलेटर. तो प्रेशर एका जागी धरतो, जादा पाणी बायपासने टाकीत परत जातं. ट्रॅक्टरचा वेग कमी-जास्त झाला तरी नोझलमधून मिनिटाला तेवढंच पाणी येतं. म्हणून चढाला ट्रॅक्टर दमला की तिथल्या वेलींना जास्त औषध, उताराला पळाला की कमी.

दुसरा प्रकार प्रमाणात पाणी परत सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा. पंप पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या शाफ्टवर चालतो, त्यामुळे इंजिनचे फेरे वाढले की पंपाचं पाणीही वाढतं. हा व्हॉल्व्ह त्यातला ठरलेला हिस्सा परत पाठवतो, म्हणजे वेग आणि पाणी जोडीने वर-खाली होतात. हे जमतं फक्त एकाच गिअरमध्ये. गिअर बदलला की हिशोब मोडला. काळ्या रानात चाक घसरलं तरी मोडला.

तिसरा इलेक्ट्रॉनिक. वेगाचा सेन्सर, पाणी मोजणारा फ्लोमीटर आणि मोटरवर फिरणारा व्हॉल्व्ह. वेग बघून लागेल तेवढं पाणी तो स्वतः सोडतो. यातच फ्लोमीटरऐवजी नुसत्या प्रेशरवरून पाण्याचा अंदाज बांधणारे स्वस्त कंट्रोलरही येतात. नोझल झिजलं की ते फसतात, कारण प्रेशर तेच असतं आणि पाणी जास्त गेलेलं असतं.

माझं मत विचाराल तर सपाट दोन-तीन एकर बाग आणि एकच हाताखालचा ड्रायव्हर असेल तर चांगला रेग्युलेटर आणि नवीन प्रेशर गेज पुरे. दुसऱ्यांच्या बागा भाड्याने मारणाऱ्याला मात्र इलेक्ट्रॉनिकशिवाय गत्यंतर नाही. त्याची ओळीची रुंदी, चढ-उतार सगळंच रोज बदलतं.

कंट्रोलर बंद ठेवून सुरुवात

टाकी अर्धी भरा, स्वच्छ पाण्याने. पीटीओ ५४० फेऱ्यांवर आणा आणि रोजच्या गिअरमध्ये ट्रॅक्टर बागेतच ५० मीटर चालवा. डांबरी रस्त्यावर नको. ट्रॅक्टरने मागूनच वेग घेऊन पहिला खुंट ओलांडला की घड्याळ सुरू, दुसरा ओलांडला की बंद. १८० ला त्या सेकंदांनी भागा, ताशी किलोमीटर मिळतात. ४५ सेकंद लागले तर वेग ४.

आता पाण्याचा हिशोब. एकरी लिटर गुणिले वेग गुणिले ओळीची रुंदी फुटात, भागिले ८००. आमचं ४०० × ४ × ९ ÷ ८०० = १८. म्हणजे सगळ्या नोझलमधून मिळून मिनिटाला १८ लिटर. नोझल बारा असतील तर प्रत्येकी दीड लिटर. हा ८०० चा आकडा लक्षात ठेवा. बूमलाही (आडव्या दांड्यावर नोझल लावलेला फवारा) तोच चालतो, फक्त ओळीच्या जागी बूमची रुंदी धरायची.

त्यानंतर बादली. पंख्याचा गिअर न्यूट्रलला टाका, प्रत्येक नोझलवर प्लॅस्टिकच्या नळीचा तुकडा चढवा, खाली भांडं धरा आणि बरोबर एक मिनिट पाणी झेला. पाणी साधंच असलं तरी हातमोजे घाला, कारण नळ्यांत काल मारलेलं औषध असतं. एखाद्या नोझलचं पाणी नव्या नोझलपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त निघालं तर ते काढून टाका. कमी निघालं तर आधी गाळणी बघा. आमच्याकडे पहिल्यांदा हे केलं तेव्हा बारा नोझलमध्ये तीन वेगवेगळ्या मापांची निघाली. ज्याच्या हाताला जे लागलं ते त्याने कधीतरी बसवलेलं.

नोझल निवडताना कंपनीचा तक्ता घ्या. बूमच्या फ्लॅट फॅन (चपटा फवारा देणाऱ्या) नोझलचे रंग ठरलेले असतात: ३ बारला पिवळं मिनिटाला ०.८ लिटर, निळं १.२, लाल १.६, तपकिरी २. सोयाबीनमध्ये किंवा उसात तणनाशक मारताना एकरी १५० लिटर, वेग ५ आणि नोझलमधलं अंतर ५० सेंटिमीटर धरलं तर दीड लिटरच्या वर थोडं येतं, म्हणजे लाल. ब्लोअरच्या सिरॅमिक होलो कोन (पोकळ शंकूसारखा फवारा देणाऱ्या) नोझलला मात्र हेच रंग लागू होतील असं धरून चालू नका.

कंट्रोलरला काय जमत नाही

हे दुकानात कुणी सांगत नाही. कंट्रोलर पाणी वाढवतो ते प्रेशर वाढवूनच, आणि पाणी दुप्पट करायचं तर प्रेशर चौपट लागतं. १० किलो प्रेशरवर (एक किलो म्हणजे जवळपास एक बार) ४ च्या वेगाने चाललेला ब्लोअर ५ ने पळवलात तर पाणी सव्वापट हवं, म्हणजे प्रेशर साडेपंधरा किलोपर्यंत जाणार. थेंब बारीक होऊन धुकं उडतं. वेग ३ वर आणलात तर प्रेशर साडेपाच-सहा किलोवर येतं, थेंब जाड होतात आणि घडाच्या आत जायच्या ऐवजी पानावरून ओघळतात. दोन्ही वेळी स्क्रीनवर चारशेच. म्हणून रोजच्या वेगाला प्रेशर मध्यावर येईल असं नोझल निवडायचं आणि कंट्रोलरमध्ये किमान प्रेशरची मर्यादा असेल तर ती भरायची.

दुसरं, एक नोझल बुजलं तर कंट्रोलर त्याचं पाणी बाकीच्या अकरांतून काढतो. एकूण बेरीज बरोबर, पण एका उंचीवरचे घड कोरडे. ओळीच्या टोकाला वळताना मान वळवून सगळे फवारे बघायची सवय सोडू नका.

आकडे भरताना

रुंदी: टेपने ओळ मोजा आणि मीटरमध्ये भरा. फूट गुणिले ०.३०५. आमचं काय झालं ते वर सांगितलंच.

वेग: चाकाचा सेन्सर असेल तर पुस्तकातला घेर भरू नका. अर्ध्या टाकीवर, बागेतल्या जमिनीवर १०० मीटर चालवा आणि स्क्रीनवर १०० येईपर्यंत आकडा सुधारा. जीपीएस सेन्सरला घसरणीचा त्रास नाही, पण ओळीच्या तोंडाशी ट्रॅक्टर हलल्यावर वेग पकडायला त्याला जरा वेळ लागतो.

फ्लोमीटर: हाच सगळ्यांत महत्त्वाचा. टाकीला खूण करा, पाणी सोडा, मग खुणेपर्यंत मापाच्या भांड्याने परत भरा. स्क्रीन २१० लिटर म्हणते आणि प्रत्यक्षात २०० च भरावं लागलं, तर दर लिटरच्या पल्सचा (फ्लोमीटर पाठवतो त्या ठोक्यांचा) जुना आकडा गुणिले २१० भागिले २००. २५० असेल तर २६२ होईल. पुन्हा एकदा तपासा. काही मशीनमध्ये आकडा उलट्या बाजूने चालतो, फरक वाढला तर तसं समजा.

व्हॉल्व्हचा वेग: ओळीत चालताना स्क्रीनवरचा एकरी आकडा ३७०, ४३०, ३८० असा झोके घेत असेल तर व्हॉल्व्ह फार घाईने फिरतोय. त्याचा वेग एकेक पायरी कमी करत आणा. फारच मंद केलात तर प्रत्येक ओळीची सुरुवात कच्ची राहते.

शेवटी साध्या पाण्यावर दहा ओळी मारा. आमच्या मापाने दहा ओळी म्हणजे पावणेपंचवीस-पंचवीस गुंठे, पाणी लागायला हवं सुमारे २४८ लिटर. टाकी खुणेपर्यंत भरायला तेवढंच लागलं तर औषध कालवा.

बोर्डोचं एक

फ्लोमीटर दोन तऱ्हेचे मिळतात. एकात छोटी चक्री फिरते, दुसरा चुंबकीय, त्यात फिरणारं काहीच नसतं. चुंबकीय महाग, पण द्राक्षवाल्याने जमल्यास तोच घ्यावा. आमचा चक्रीचा आहे. एकदा बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) मारून रात्र झाली म्हणून टाकी न धुता ट्रॅक्टर शेडमध्ये लावला. सकाळी पंप सुरू, फवारा जोरात आणि स्क्रीनवर पाणी शून्य. पाणी जातच नाही असं समजून कंट्रोलरने व्हॉल्व्ह पूर्ण उघडला होता. फ्लोमीटर खोलला तर चक्रीला चुन्याचा थर. तेव्हापासून शेवटची ओळ संपली की शंभर लिटर साधं पाणी त्याच बागेत मारून मगच पीटीओ बंद करतो, आणि आठवड्यातून एकदा चक्री बाहेर काढून जुन्या टूथब्रशने घासतो.