पक्षीनिरीक्षण सफारी: पाणी, माळ, खाडी आणि जंगलात या चुका टाळा

पुण्याहून सोलापूर रस्त्याला लागलं की शंभर-एक किलोमीटरवर भिगवण येतं. उजनी धरणाचा फुगवटा तिथे पसरलेला आहे. तिथून थोडंच पुढे इंदापूर तालुक्यात कडबनवाडीचं माळरान. घाट उतरून गोव्यात गेलं की तांबडी सुर्ल्याचं दाट जंगल आणि चोडणची खारफुटी, मुंबईकडे वळलं तर ठाण्याची खाडी. गाईड बरोबर घेऊन असे दोन-तीन अधिवास एकाच सहलीत बघणारे गट आता दर हिवाळ्यात दिसतात. त्यातले बरेच जण अर्धवट समाधानाने परततात. पक्षी नव्हते, गाईड बरोबर नव्हता, नशीब नव्हतं, अशी कारणं दिली जातात. खरं कारण बहुतेक वेळा वेगळंच असतं: पाण्यावर जशी नजर लावली तशीच माळावर लावली, माळावर जसं वागलो तसंच जंगलात वागलो. अधिवास बदलला की वेळ बदलते, अंतर बदलतं आणि बघायची रीतही बदलते.

सुट्टी बघून तारीख ठरवणं

५ नोव्हेंबर हा वन्यजीव लेखक मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर हा पक्षीतज्ज्ञ सालिम अलींचा. या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. त्यात दिवाळीची सुट्टीही आसपास असते, म्हणून भिगवणच्या सहली नेमक्या याच दिवसांत भरतात, आणि आलेल्यांना हवे असतात फ्लेमिंगो. पण पावसाळा संपल्यावर उजनी काठोकाठ भरलेली असते. फ्लेमिंगोचे पाय कितीही लांब असले तरी त्याला चोच उलटी बुडवून चिखल गाळता येईल इतकंच पाणी लागतं. कालव्यांना पाणी सुटून फुगवटा मागे सरकतो, गाळाची जमीन उघडी पडू लागते, तेव्हा मोठे रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, उतरतात. म्हणजे साधारण जानेवारी ते मार्च. तारीख पक्की करण्याआधी गाईडला फोन करून एवढंच विचारा: “पाणी किती उतरलंय?” फ्लेमिंगो आले का, हा प्रश्न त्याच्या मागून येतो.

नोव्हेंबरात जायचंच असेल तर जरूर जा, फक्त अपेक्षा बदला. चित्रबलाक, कुरव (सीगल), नदीसुरय, नुकती येऊ लागलेली बदकं, पाणकावळ्यांचे थवे हे सगळं असतं. नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मध्यमेश्वर हाही तेव्हाचा चांगला पर्याय आहे. रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेलेली ती महाराष्ट्रातली पहिली जागा. तिथे निरीक्षण मनोरे असल्याने होडीवाचूनही भरपूर बघता येतं.

खाडीचं घड्याळ तर रोज सरकतं. ठाणे खाडीत ऐरोलीहून सुटणाऱ्या बोटीची वेळ भरती-ओहोटीवर ठरते. पाणी पुरेसं नसेल तर बोट चालत नाही, आणि पूर्ण भरती असेल तर फ्लेमिंगोंना चरायला चिखल उरत नाही. मधला थोडा काळ कामाचा. “आम्हाला सकाळी सातचीच हवी” असा हट्ट तिथे चालत नाही. मिळालेल्या वेळेभोवती बाकीचा दिवस बसवा.

भिगवण आणि कडबनवाडी एकाच दिवशी करायचं झालं तर पाणी सकाळी आणि माळ संध्याकाळी, असं माझं मत. दुपारनंतर उजनीवर वारा उठतो, होडी डुलते, दुर्बीण स्थिर राहत नाही. माळावर उलट संध्याकाळ सुंदर असते. भोवत्या नावाचे शिकारी पक्षी दिवसभर रानोमाळ फिरून सूर्य मावळताना गवतात मुक्कामाला उतरतात, ते बघायला मिळतं.

“दादा, अजून जरा जवळ घ्या ना”

होडीत सर्वांत जास्त ऐकू येणारं वाक्य हे, आणि सर्वांत जास्त नुकसान करणारंही हेच. उजनीकाठच्या कुंभारगाव-डिकसळ भागातले अनेक गाईड मासेमारी करणाऱ्या घरातले आहेत. पाण्याचा तळ कुठे वर येतो, वारा फिरला की थवा कुठे सरकतो, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक आहे. कुठे थांबायचं हेही ठाऊक आहे. पण गिऱ्हाईक मागे लागलं, वर पैसे देतो म्हणालं, की त्यांनाही नाही म्हणणं जड जातं. म्हणून हा दबाव आपणच टाकायचा नाही.

अंतर बरोबर आहे का, हे पक्षीच सांगतात. काठावर पट्टकादंब हंसांचा कळप बसलाय असं समजा. माना खाली, चरणं चालू, एखादा पंखात चोच खुपसून झोपलेला: इथवर ठीक. मग एक मान वर येते, डोक्यावरचे दोन काळे पट्टे स्पष्ट दिसतात. पाठोपाठ चार-पाच माना ताठ होतात, चरणं थांबतं, कळप पाठ फिरवून चालायला लागतो. पुढची पायरी उड्डाणाची. पहिल्या दोन-तीन माना वर आल्या की तिथेच थांबायला सांगा. हिमालय ओलांडून आलेल्या पक्ष्याला दिवसातून दहा होड्यांनी उडवलं तर त्याचं खाणंही जातं आणि साठवलेली ताकदही. थांबून राहिलात तर पाच-दहा मिनिटांत माना परत खाली जातात, आणि मग नैसर्गिक वागणूक बघायला मिळते. थवा उडवून मिळालेल्या फोटोत नुसत्या पाठी असतात.

इंजिन लांबवरच बंद करून पुढे वल्ह्याने किंवा बांबूने नेणारा नावाडी मिळाला तर त्याचं मोकळ्या मनाने कौतुक करा, पुढच्या वेळी त्यालाच बोलवा. कुरवांना शेव-फरसाण टाकायला लावू नका, आणि कोणी टाकत असेल तर सरळ सांगा की आम्हाला नको.

गाईडला नुसती हव्या असलेल्या पक्ष्यांची यादी पाठवून मोकळं होण्याचीही पद्धत पडली आहे. त्यापेक्षा त्याला या गोष्टी आधी कळवा: किती चालवतं, गुडघे दुखतात का, बारीक आवाज ऐकू येतात का, गटात फोटो काढणारे किती आणि दुर्बिणीने बघणारे किती. फोटोग्राफरला एका पक्ष्यापाशी अर्धा तास हवा असतो, नवख्याला तेवढ्या वेळात वीस पक्षी बघायचे असतात. दोघांना एकाच होडीत बसवलं की दोघेही नाराज होतात. शक्य असेल तर होड्या वेगळ्या करा.

दुर्बीण आहे, पण पक्षी सापडत नाही

ही तक्रार जवळजवळ प्रत्येक नवख्याची असते आणि तिच्यावर उपाय सोपा आहे. पक्षी दिसला की लोक खाली बघून दुर्बीण उचलतात, डोळ्यांना लावतात आणि मग शोधायला लागतात. असं करू नका. नजर पक्ष्यावरून हलवायचीच नाही. मान जिथे आहे तिथेच ठेवून दुर्बीण डोळ्यांसमोर आणायची. घरी गच्चीवर कावळे-साळुंक्यांवर दोन दिवस सराव केला तरी हात बसतो.

दोन चित्रं दिसत असतील तर मधला सांधा उघडून-मिटून दोन्ही नळ्यांतलं अंतर आपल्या डोळ्यांइतकं करा, एकच गोल दिसायला हवा. तरीही दोनच दिसत असतील तर दुर्बीण कधीतरी पडून आतले लोलक सरकलेले असतात. ती दुरुस्तीलाच द्यावी लागते. कडेने काळ्या सावल्या येत असतील तर डोळ्याजवळच्या रबरी कड्या तपासा: चष्मा असेल तर आत दाबलेल्या, नसेल तर बाहेर काढलेल्या हव्यात.

एका डोळ्याला स्पष्ट आणि दुसऱ्याला धूसर दिसतं, हे तर फारच सर्रास. बहुतेक दुर्बिणींत उजव्या डोळ्याच्या भिंगाजवळ एक वेगळी फिरती कडी असते आणि तिला कोणी हातच लावलेला नसतो. उजवी बाजू हाताने झाका, डाव्या डोळ्याने लांबची पाटी बघत मधलं चाक फिरवून अक्षरं स्पष्ट करा. मग डावी बाजू झाका, मधल्या चाकाला न शिवता ती उजवी कडी फिरवून तीच अक्षरं स्पष्ट करा. झालं. पुढे दिवसभर फक्त मधलं चाक फिरवायचं.

विकत घ्यायची असेल तर आठ बाय बेचाळीस घ्या, म्हणजे आठ पटीची आणि पुढची भिंगं बेचाळीस मिलिमीटरची. दहा पटीची घेतली की सगळं जवळ येईल असं वाटतं, पण डुलत्या होडीत हाताचा कंपही दहा पटींनी मोठा होतो.

एसी गाडीतून उतरल्यावर भिंगांवर धुकं धरतं, विशेषतः कोकण-गोव्याच्या दमट हवेत. पुसून उपयोग नसतो, लगेच परत धरतं. दुर्बीण आणि कॅमेरा पिशवीतच ठेवून पोहोचायच्या आधी थोडा वेळ एसी बंद करा.

माळावर गाडीतून उतरणं

माळ बघून लोकांना वाटतं, इथे काहीच नाही. वनविभागाने कडबनवाडी आणि शिर्सुफळला गवताळ प्रदेशातली सफारी सुरू केली, त्यामुळे माळाकडे पडीक जमीन म्हणून बघणं थोडं तरी कमी होईल अशी मला मनापासून आशा आहे. लांडगा आणि चिंकारा इथले, धाविक हा जमिनीवर पळणारा पक्षी इथला, पखुर्डी (सँडग्राउस) इथली. सोलापूरजवळच्या नान्नजला माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य केलं, तेही असंच माळरान.

धाविक शोधायचा तर उघड्या मुरमाड जमिनीवर नजर लावा, उंच गवतात नको. आधी काही दिसत नाही. मग मुरमाचाच एक तुकडा तुरुतुरु पळतो, खटकन थांबतो, वाकून काहीतरी टिपतो, परत पळतो. थांबला की तो पुन्हा जमिनीत विरघळतो. डोक्याचा तांबूस रंग आणि डोळ्यावरची पांढरी-काळी रेघ दिसली की मग नजरेतून सुटत नाही. गाडीला तो फारसा घाबरत नाही, पण गाडीचं दार उघडून माणूस उभा राहिला की दूर जातो. म्हणून उतरायचं नाही, गाडीतूनच बघायचं. आणि गाडी चाकोरी सोडून घालायला ड्रायव्हरला कधीही सांगायचं नाही. धाविक, टिटव्या, चंडोल यांची घरटी म्हणजे जमिनीवरचा उथळ खळगा. अंडी मातीच्याच रंगाची, चाकाखाली गेली तरी कळत नाहीत.

फोटो धूसर येतात म्हणून लेन्सला दोष देणारे पुष्कळ भेटतात. ऊन चढलं की जमिनीवरची तापलेली हवा थरथरते, मग कितीही महागडी लेन्स असू द्या, चित्र हलतंच. अशा वेळी लांबचे फोटो सोडून द्या, सावलीला बसा आणि उन्हं कलल्यावर परत या.

जंगलात घाई आणि स्पीकर

पाण्यावर एका नजरेत शेकडो पक्षी दिसतात. तांबडी सुर्ल्याच्या जंगलात अर्धा तास काहीच दिसत नाही. मग अचानक झाडं जिवंत होतात: निखार, शिलींध्री, माशीमार, सुतार आणि सोबत भृंगराज, म्हणजे कोतवाल पक्ष्याचा लांब शेपटीचा भाऊबंद. हा मिश्र थवा असतो, एकत्र चरत पुढे सरकणारा. लोक नेमके त्याच्या आधी कंटाळून पुढे चालू लागतात. गाईड थांबला की थांबा. आणि थवा आला की सगळे मिळून एकाच पक्ष्यामागे लागू नका, प्रत्येकाने एकेक झाड वाटून घ्या.

कर्णा, म्हणजे मलबार ट्रोगन, बरेचदा पाठ करून बसतो आणि त्याची पाठ तपकिरी, सुकल्या पानासारखी. लालभडक पोट शोधणाऱ्यांच्या नजरेतून तो म्हणूनच सुटतो. न हललेली आकृती शोधा, रंग नको.

मोबाईलवर आवाज ओळखणारं मर्लिन ॲप चांगलं आहे, पण जंगलात त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. भृंगराज इतर पक्ष्यांच्या हुबेहूब नकला करतो आणि ॲप त्या नकलेलाच खरा पक्षी समजू शकतं. ॲपने नाव दाखवलं तर गाईडला विचारा, डोळ्यांनी बघा, मगच यादीत लिहा.

स्पीकरवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला बाहेर काढणं मला मान्य नाही. त्या नराला वाटतं, दुसरा नर हद्दीत शिरला. खाणं आणि पिल्लं सोडून तो भांडायला येतो आणि समोर कोणीच नसतं. एका गटाने हे केलं, मग दुसऱ्याने, असं हंगामभर चालतं. सहल ठरवतानाच गाईडला सांगा की आवाज लावू नका, त्यामुळे पक्षी दिसला नाही तरी चालेल. तुम्ही आधी सांगितलंत की त्याच्यावरचं ओझंही उतरतं. कोकणात पावसाळ्यात घरटं करणाऱ्या तिबोटी खंड्याच्या बाबतीत तर घरट्यासमोर ठाण मांडून बसणाऱ्या सहलीच नाकाराव्यात. मातीच्या बिळात पिल्लं भुकेली असतात आणि माणसं समोर आहेत तोवर पालक चारा घेऊन आत शिरायला कचरतात.

फ्रॉगमाउथ या रुंद तोंडाच्या निशाचर पक्ष्याची जोडी दिवसा फांदीवर झोपलेली दाखवतात तेव्हा दोघा-तिघांनीच पुढे जायचं, फ्लॅश नाही, बोलणं नाही, दोन-चार मिनिटांत मागे फिरायचं.

कपडे, गोचीड, होडी

मातकट किंवा हिरवट कपडे घाला. पांढरा शर्ट जंगलात लांबून चमकतो. होडीत लाइफ जॅकेट घालाच, फोटोसाठी काढू नका, आणि सगळे एका बाजूला उठून उभे राहू नका.

सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग आणि गोव्यातल्या सत्तरी भागात माकडतापाचे रुग्ण सापडलेले आहेत. हा ताप गोचिडीतून पसरतो. म्हणून पँट मोज्यात खोचा, पालापाचोळ्यावर बसू नका, मुक्कामाला परतल्यावर अंगावर गोचीड आहे का ते बघून आंघोळ करा. परत आल्यावर ताप आला तर जंगलात गेलो होतो हे डॉक्टरांना पहिल्यांदा सांगा.

संध्याकाळची यादी

रात्री जेवणाआधी गाईडबरोबर बसून दिवसाची यादी पूर्ण करा, दुसऱ्या दिवशीवर टाकलीत तर अर्धे पक्षी डोक्यातून जातात. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकताना संख्या अंदाजे का होईना लिहा. आणि प्रत्येक अधिवासाची यादी वेगळी करा: भिगवणचं पाणी आणि कडबनवाडीचा माळ एका यादीत मिसळले की ती नोंद कोणाच्याच कामाची राहत नाही. घरटं, लांडग्याची गुहा किंवा फ्रॉगमाउथची फांदी यांची नेमकी जागा मात्र कुठेच टाकू नका. फोटोत मोबाईल आपोआप ठिकाण नोंदवतो, ते सेटिंग आधी बंद करा.