बागेतले समाजमंदिर नव्याने बांधताना: आधी मिठाचा हिशेब

अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत नगरपरिषदांच्या बागांमधली जुनी सभागृहे बहुधा एकाच दुखण्याने जातात. खाऱ्या हवेतले क्षार काँक्रीटमध्ये उतरतात, सळई गंजून फुगते आणि स्लॅबचे पोपडे निघू लागतात. म्हणून नव्या इमारतीचे अंदाजपत्रक करण्याआधी जुनी नेमकी कशाने गेली ते शोधा. एरवी तीच वाळू आणि तेच कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) पुन्हा वापरले जाते आणि नव्या स्लॅबलाही तेच दुखणे लागते.

स्ट्रक्चरल ऑडिट केवळ रिबाउंड हॅमरवर (पृष्ठभागावर ठोकून काँक्रीटची ताकद आजमावणारे उपकरण) उरकू देऊ नका. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने जुन्या काँक्रीटचा पृष्ठभाग कडक होतो आणि हॅमर खोटा चांगला आकडा दाखवतो. हाफ-सेल चाचणी (सळई गंजण्याची शक्यता सांगणारी), फिनॉल्फ्थॅलिन चाचणी (कार्बन डायऑक्साइड किती खोल गेला ते दाखवणारी) आणि क्लोराइडचे, म्हणजे क्षारांचे, प्रमाण, हे तिन्ही मागा. हाफ-सेल चाचणीत कॉपर सल्फेट इलेक्ट्रोडवर उणे 350 मिलिव्होल्टपेक्षाही खालचे आकडे येत असतील तर सळई गंजत असण्याची शक्यता 90 टक्क्यांहून अधिक धरतात. क्लोराइड घनमीटरला 0.6 किलोच्या वर असेल तर वरवरच्या डागडुजीवर पैसे घालण्यात अर्थ नाही. हाच अहवाल निर्लेखनाच्या (जुनी इमारत नोंदीतून कमी करण्याच्या) प्रस्तावालाही लागतो.

परवानग्यांत दोन गोष्टींवर फाइल हमखास अडते. जागा समुद्राजवळ किंवा खाडीकाठी असेल तर मंजूर सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) नकाशावर ती कुठे येते ते आधी तपासा. जुनी इमारत अधिकृत असल्याचे कागद इथेच लागतात. दुसरी गोष्ट झाडांची. 50 वर्षांहून जुने झाड कायद्याने वारसा वृक्ष ठरते. अशा वडा-पिंपळाला हात लावण्यापेक्षा इमारतच चार मीटर सरकवा. फांद्यांच्या घेराखाली जेसीबी नको, खोदाई हाताने करा. बुंध्याशी राबिटही (पाडकामाचा ढिगारा) टाकू नका.

पाडण्याआधी महावितरणकडून वीज तोडून घ्या. मंगलोरी कौले, वासे, रिपा, सागाच्या चौकटी मोजून वेगळ्या काढा आणि त्यांचा लिलाव करा. ठेकेदाराला 'मोडतोडीसह' काम दिले की हा माल परस्पर जातो. जुना चिरा (जांभ्या दगडाचा ठोकळा) ठणठणीत असेल तर कुंपणाला वापरता येतो. छपरावर करड्या सिमेंटचे पत्रे असतील तर त्यांत ॲस्बेस्टॉस आहे असेच धरून चाला. ते फोडायचे नाहीत. आधी पाणी मारून ओले करा, नटबोल्ट कापा, अख्खे उतरवा आणि जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळा. हा घातक कचरा आहे, तो तळोज्यासारख्या अधिकृत केंद्रातच गेला पाहिजे. भरावात गाडून टाकण्याची पद्धत सर्रास आहे आणि ती धोकादायक आहे.

आता काँक्रीट, कारण सगळे इथेच ठरते. आयएस 456:2000 या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे किनारपट्टीची हवा 'तीव्र' गटात मोडते: किमान एम30 ग्रेडचे काँक्रीट, घनमीटरला 320 किलो सिमेंट, पाणी-सिमेंट प्रमाण 0.45, कव्हर 45 मिलिमीटर. लाटांचे तुषार थेट येत असतील तर एम35, 340 किलो आणि 50 मिलिमीटर. 0.45 म्हणजे 50 किलोच्या गोणीला साडेबावीस लिटर पाणी, आणि ओल्या वाळूतले पाणीही त्यातच धरायचे. मिस्त्री 'माल पातळ कर' म्हणाला की नळी उचलू नका, प्लास्टिसायझर (पाणी न वाढवता माल पातळ करणारे रसायन) वापरा. कव्हर ब्लॉक त्याच ग्रेडचे हवेत; चिऱ्याचा तुकडा सळईखाली सरकवला की तो पाणी शोषून थेट सळईला देतो. खाडीची न धुतलेली वाळू अजिबात नको, क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) घ्या. किनाऱ्याजवळच्या विहिरीचे पाणी आधी तपासा. आरसीसीसाठी क्लोराइडची मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम आहे, आणि क्युरिंगलाही (काँक्रीट ओले ठेवण्यालाही) खारे पाणी चालत नाही. सिमेंट स्लॅगचे (लोखंडाच्या भट्टीतली मळी मिसळलेले) घ्या, ते क्षारांना जास्त रोखते. मात्र त्याला किमान 10 दिवस, शक्यतो 14 दिवस पाणी द्यावे लागते.

भिंतींना जांभा उत्तम. खाणीतून ताजा निघालेला चिरा मऊ असतो, उघड्या हवेत तो कडक होतो, म्हणून कार्यादेश मिळताच आणून रचून ठेवा. चिपळूण-महाडसारख्या गावी जोत्याची उंची जुलै 2021 च्या पुराच्या खुणेवरून ठरवा. विजेचा मीटर त्याहून वर. रॅम्पचा उतार 1:12.

सपाट स्लॅब टाकून वर पत्र्याची शेड उभारण्याची आपली सवय महागात पडते. 2020 च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन-दापोली पट्ट्यात असे पत्रे पानासारखे उडाले. उतरता स्लॅब, वर कौले आणि 900 मिलिमीटरची पागोळी, हे आम्हाला अधिक पटते. पत्राच हवा असेल तर कडेला, कोपऱ्यांत आणि कण्यावर प्रत्येक उंचवट्याला स्क्रू, खाली रबरी वॉशर, आणि सांगाडा हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड. 200 चौरस मीटरच्या छपरावर 3000 मिलिमीटर पाऊस म्हणजे सहा लाख लिटर पाणी. निचऱ्याला एकच पाइप ठेवला तर बागेतला पाचोळा तो पहिल्याच आठवड्यात तुंबवतो.

वेळापत्रक पावसाकडून उलटे मोजा. निर्लेखन आणि निविदा पावसाळ्यात, पाडकाम दसऱ्यानंतर, जोते डिसेंबरअखेर, स्लॅब फेब्रुवारीत, छप्पर एप्रिलअखेर. बालवाडी आणि व्यायामशाळेची पर्यायी जागा पाडण्याआधीच ठरलेली हवी. कार्यादेश जानेवारीत आला तर पाडू नका, इमारत रिकामी करा, कुंपण घाला आणि पुढच्या दसऱ्याची वाट पाहा. अर्धवट स्लॅबच्या उघड्या सळया चार महिने खारा पाऊस खात राहिल्या तर कव्हर कितीही ठेवा, गंज आतच गाडला जातो. अंतिम बिलाआधी कव्हर मीटरने किमान दहा ठिकाणी मोजणी करून घ्या, आणि दोष दायित्वाची अनामत (पुढे निघणाऱ्या दोषांपोटी ठेकेदाराची राखून ठेवलेली रक्कम) दोन पूर्ण पावसाळे उलटेपर्यंत सोडणार नाही, हे निविदेतच लिहा.