स्पोर्ट्स कारसाठी योग्य ऑक्टेनचे पेट्रोल कसे निवडावे?

पेट्रोलच्या टाकीच्या झडपेवर आतल्या बाजूला किंवा गाडीच्या माहितीपुस्तिकेत ऑक्टेनचा जो आकडा छापलेला असतो, त्यापासूनच निवडीला सुरुवात करावी. मात्र तो कोणत्या मापनपद्धतीचा आहे, हे आधी तपासावे. युरोप, भारत आणि ऑस्ट्रेलियात पंपावर 'आरओएन' (रिसर्च ऑक्टेन नंबर) हा आकडा वापरतात, तर अमेरिकेत आरओएन आणि अधिक कठोर चाचणीतून मिळणारा 'एमओएन' (मोटर ऑक्टेन नंबर) यांची सरासरी, म्हणजेच 'एकेआय' (अँटी-नॉक इंडेक्स), लिहिलेली असते. त्यामुळे ९८ आरओएनचे पेट्रोल अमेरिकेतील पंपावर साधारण ९३ या आकड्याने दिसते. आयात केलेल्या गाडीच्या बाबतीत हा घोटाळा हमखास होतो.

त्यानंतर 'आवश्यक' आणि 'शिफारस' या शब्दांकडे लक्ष द्यावे. आकडा आवश्यक म्हणून दिला असेल, तर त्याखालचे पेट्रोल भरू नये. तो केवळ शिफारस म्हणून दिला असेल, तर पुस्तिकेत बहुधा वेगळा किमान आकडाही असतो. त्या किमान ऑक्टेनवर इंजिन सुरक्षित राहते, पण त्याची पूर्ण ताकद मिळेलच असे नाही.

ऑक्टेन म्हणजे पेट्रोलमधील ऊर्जा नव्हे. दाब आणि उष्णता वाढूनही आपोआप पेट न घेण्याची ती क्षमता आहे. स्पार्क प्लगच्या ठिणगीने पेटलेली ज्योत सिलिंडरभर पसरत असताना, तिच्यापुढचे न जळलेले मिश्रण एकदम भडकले, तर धातूवर ठोके पडल्यासारखा आवाज येतो आणि पिस्टनवर घातक ताण पडतो. यालाच नॉकिंग म्हणतात. स्पोर्ट्स कारच्या इंजिनात कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे सिलिंडरमधील मिश्रण किती पट दाबले जाते ते प्रमाण, जास्त असतो किंवा टर्बोचार्जर अधिक हवा कोंबतो, म्हणून हा धोका तेथे मोठा असतो. आधुनिक इंजिनातील नॉक सेन्सर ही चाहूल ओळखतो आणि संगणक ठिणगी थोडी उशिरा पाडतो. इंजिन बचावते, पण ताकद घटते आणि इंधन अधिक लागते. याचा अर्थ स्वस्त पेट्रोल कायम चालवावे असा नाही, कारण या बचावालाही मर्यादा असते, आणि ट्रॅकवर किंवा कडक उन्हात पूर्ण ॲक्सिलरेटर दिला की ती लवकर गाठली जाते.

उलट, ९५ आरओएनसाठी बेतलेल्या गाडीत ९८ किंवा १०० भरल्याने सहसा काहीच साध्य होत नाही. संगणकाची आखणी वरच्या ऑक्टेनचा लाभ घेणारी असेल तरच फरक जाणवतो. ईसीयू रिमॅप केलेल्या, म्हणजे इंजिनाच्या संगणकाची मूळ आखणी बदललेल्या, गाडीला मात्र कंपनीचा मूळ आकडा लागू होत नाही. ज्या ऑक्टेनसाठी रिमॅप केले तेच भरावे आणि तो आकडा रिमॅप करणाऱ्या ट्यूनरकडून लेखी घ्यावा.

ऑक्टेन बूस्टरच्या, म्हणजे ऑक्टेन वाढवण्यासाठी पेट्रोलमध्ये घालायच्या द्रवाच्या, बाटलीवरचे 'पॉइंट' जपून वाचावेत, कारण अनेकदा एक पॉइंट म्हणजे ऑक्टेनचा केवळ दहावा भाग असतो. म्हणजे ३० पॉइंटची वाढ प्रत्यक्षात ३ आकड्यांचीच. शिसे असलेले शर्यतीचे इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातील घातक वायू कमी करणारा भाग) असलेल्या गाडीत कधीही घालू नये.

चुकून कमी ऑक्टेनचे पेट्रोल भरले गेले, तर घाबरण्याचे कारण नाही. ॲक्सिलरेटर हलका ठेवावा, चढावर खालचा गिअर वापरावा आणि टाकीत जागा होताच वरच्या ऑक्टेनचे पेट्रोल मिसळावे. ९५ आणि ९८ समप्रमाणात मिसळल्यास ऑक्टेन अंदाजे ९६.५ होते. तरीही ठोके ऐकू येत राहिले, तर गाडी तपासून घ्यावी.