पायांची प्रश्नावली मराठीत आणताना

मूळ इंग्रजी प्रश्नावली वापरायची परवानगी आधी लेखी घ्या. मग दोघांकडून स्वतंत्र मराठी अनुवाद: एक फिजिओथेरपीतला, दुसरा या विषयाशी संबंध नसलेला. दोन्ही जुळवून मसुदा करा. मूळ न पाहिलेल्या माणसाकडून तो परत इंग्रजीत आणून मुळाशी ताडून बघा.

खरी मजा पुढे. मसुदा ३० ते ४० जणांना वाचून दाखवा, ‘काय समजलं?’ विचारा. रत्नागिरीतल्या मिरकरवाड्याच्या जेटीवर मी बुटांचा प्रश्न वाचला, तर टोपलीवरची मावशी म्हणाली, “बूट कोण घालतंय इथं?” चपला, गमबूट, अनवाणी, सगळं प्रश्नात बसायला हवं.

अंतिम प्रश्नावली भरणाऱ्यांना एक-दोन आठवड्यांनी पुन्हा तीच द्या, उत्तरं जुळतात का ते बघायला. मात्र पहिली फेरी मेअखेर आणि दुसरी जूनमध्ये नको. १ जूनला मासेमारी बंद होते, पाय विसावतात. शेतात लावणी लागली की बोटांत चिखल्या. पायच बदलला तर उत्तरं कशी जुळणार?

क्रॉनबाख अल्फा, म्हणजे प्रश्न एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा, ०.७०च्या वर असला की साधारण चालतं. फार वर, ०.९५च्या पुढे गेला, तर एकच गोष्ट दोनदा विचारतोय का ते बघा.