लोकप्रशासनाचा दीर्घोत्तरी पेपर: पाठांतर कमी, भांडणं जास्त

एम.ए. लोकप्रशासनाला बसलेली, नाहीतर पीएच.डी.च्या कोर्सवर्कमध्ये अडकलेली पोरंपोरी माझ्याकडं येतात ती बहुतेक एकच प्रश्न घेऊन: "भाऊसाहेब, नोट्स आहेत का?" आहेत, पण देत नाही. मी परभणी जिल्ह्यात ग्रामपंचायत अधिकारी आहे, म्हणजे जुन्या बोलीत ग्रामसेवक. नोकरी सांभाळून एम.ए. केलं, पुढं कोर्सवर्कही केलं. दुसऱ्याच्या नोट्स पाठ करून लिहिलेलं उत्तर तपासणाऱ्याला दुसऱ्या ओळीतच ओळखू येतं, कारण तसल्याच उत्तरांचा गठ्ठा त्याच्यासमोर असतो.

कोर्सवर्कमध्ये यूजीसीच्या 2022च्या नियमावलीप्रमाणं किमान 55 टक्के पडल्याशिवाय प्रबंध सादर करता येत नाही. शिवाय राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे आणि लोकप्रशासन वैकल्पिक घेणाऱ्याला अडीचशे-अडीचशे गुणांचे दोन पेपर लिहावे लागतात. त्यामुळं हा अभ्यास एकाच परीक्षेपुरता राहत नाही.

आधी जुन्या प्रश्नपत्रिका मिळवा. पाच-सहा वर्षांच्या झेरॉक्स काढा, प्रश्न कात्रीनं कापा आणि एका वहीत विषयवार चिकटवा. हे काम मोबाईलवर करू नका, हातानंच करा. तेच ते डझनभर विषय वेष बदलून येतात हे त्या वहीत दिसतं. मग प्रत्येक प्रश्नाचं क्रियापद लाल पेनानं अधोरेखित करा. 'स्पष्ट करा' म्हटलं तर समजावून सांगायचं. 'टीकात्मक परीक्षण करा' म्हटलं तर बाजू घ्यायची. 'भारताच्या संदर्भात प्रस्तुतता तपासा' म्हटलं तर अर्ध्याहून जास्त उत्तर भारतावर हवं. रिग्जचा प्रिझ्मॅटिक समाज (म्हणजे परंपरा आणि आधुनिकता यांच्या मधे अडकलेला समाज) पाच पानं समजावून शेवटी दोन ओळी भारतावर, अशी उत्तरं ढिगानं लिहिली जातात. त्यात माहिती चुकीची नसते, पण विचारलेल्या प्रश्नाचं ते उत्तर नसतं.

आता मुख्य मुद्दा. हा विषय विचारवंतांची यादी म्हणून वाचू नका, भांडण म्हणून वाचा. कोण कोणाला उत्तर देतोय, हे एकदा कळलं की सनावळी आपोआप लक्षात राहते.

वुड्रो विल्सनचंच घ्या. 1887च्या निबंधात तो प्रशासन राजकारणापासून वेगळं ठेवा म्हणतो. का म्हणतो? अमेरिकेत निवडून आलेला पक्ष आपल्या माणसांना सरकारी नोकऱ्या वाटायचा. 1881 मध्ये नोकरी न मिळालेल्या एका माणसानं राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळी झाडली, त्यात ते गेले, आणि 1883 मध्ये पेंडल्टन कायदा आला. विल्सन त्या वातावरणात लिहितोय. एवढं दोन वाक्यांत लिहिलं तरी तुमचं उत्तर गाईडवाल्यांपासून वेगळं पडतं. पुढं गुडनाऊ 1900 मध्ये हीच मांडणी पक्की करतो. 1926 मध्ये व्हाइटचं पाठ्यपुस्तक येतं, 1927 मध्ये विलोबी तत्त्वांची भाषा करतो, आणि 1937 मध्ये गुलिक आणि उर्विक पोस्डकॉर्ब (नियोजन, संघटन, नेमणुका, निर्देशन, समन्वय, अहवाल, अंदाजपत्रक या सात कामांच्या इंग्रजी आद्याक्षरांचा शब्द) घेऊन तत्त्वांचा कळस चढवतात.

आणि मग सायमन येतो. 1946-47 मध्ये तो म्हणतो, तुमची ही तत्त्वं म्हणजे म्हणी आहेत, एकीच्या विरुद्ध दुसरी सापडतेच. नियंत्रणकक्षा लहान ठेवा म्हणता, आणि अधिकाराच्या पातळ्याही कमी ठेवा म्हणता. एका साहेबाच्या हाताखाली माणसं कमी ठेवली की मधल्या पातळ्या वाढणारच, मग दोन्ही कसं जमायचं? त्याच सुमाराला रॉबर्ट डाल विचारतो, मूल्यं आणि माणूस बाजूला ठेवून शास्त्र कसलं? 1948 मध्ये वाल्डो कार्यक्षमतेच्या पूजेवरच बोट ठेवतो, आणि 1968च्या मिनोब्रुक परिषदेत त्याच्या पुढाकारानं जमलेली तरुण मंडळी सामाजिक न्यायाचा प्रश्न टेबलावर आणतात.

प्रत्येक विचारवंताला वहीचं एकच पान द्या आणि त्याचे चार खण पाडा: काय म्हणाला, कोणाला उत्तर म्हणून म्हणाला, त्याच्यावर कोण तुटून पडलं, आणि मी हे कुठं पाहिलं. चौथा खण बहुतेकांचा कोराच राहतो. गुण मात्र तिथंच आहेत.

गुलिकच्या 'आदेशाच्या एकते'साठी माझा चौथा खण सगळ्यात सोपा गेला. ग्रामसेवक हा जिल्हा परिषदेचा कर्मचारी आणि ग्रामपंचायतीचा सचिव. सरपंच काम सांगतात, विस्तार अधिकारी सांगतात, गटविकास अधिकारी सांगतात, आणि निवडणूक आली की तहसीलमधून वेगळा आदेश. एका माणसाला एकच वरिष्ठ असावा, हे तत्त्व आमच्या टेबलावर दुपारपर्यंतसुद्धा टिकत नाही. (साहेब लोकांनी हे वाचलं तर हसतील, रागावणार नाहीत अशी आशा आहे.)

आपल्याकडं उदाहरणं नाहीत असं मराठवाड्यातल्या पोरांना वाटतं आणि ती स्वीडनचा ओम्बुड्समन (लोकांच्या तक्रारी बघणारा अधिकारी) लिहीत बसतात. खरं तर अख्खी प्रयोगशाळा दारात आहे. एक उदाहरण जवळून दाखवतो.

सप्टेंबरात मोठा पाऊस झाला की पिकांचे पंचनामे सुरू होतात. 2025च्या सप्टेंबरात तर सगळा मराठवाडाच पाण्यात होता. पंचनाम्याला तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक असे तिघं लागतात. काळ्या रानात बुटाला चिखलाचे थर चढलेले, सोयाबीनच्या शेंगांतून कोंब बाहेर आलेले, बांधावर शेतकरी उभा. मदतीसाठी नुकसान 33 टक्के किंवा त्याहून जास्त हवं. आता कोंब फुटलेल्या त्या रानातलं नुकसान 30 टक्के की 35, हे कोण ठरवणार? चिखलात उभे असलेले तिघं. मंत्रालयातला नियम त्या बांधावर येऊन प्रत्यक्ष धोरण बनतो. 1980 मध्ये मायकेल लिप्स्कीनं रस्त्यावरच्या नोकरशाहीबद्दल हेच सांगितलं: तळातल्या कर्मचाऱ्याचा स्वेच्छाधिकार म्हणजेच नागरिकाच्या वाट्याला येणारं सरकार.

त्याच उदाहरणाची दुसरी बाजू बघा. अतिवृष्टी म्हणजे महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरहून जास्त पाऊस. समजा मंडळाच्या ठिकाणच्या पर्जन्यमापकानं 61 दाखवला आणि आठ किलोमीटरवरच्या तुमच्या शिवारात ढगफुटीसारखा कोसळला. कागदावर अतिवृष्टी झालेलीच नाही. नियम नुकसानग्रस्ताला मदत करण्यासाठी केला, पण जपला जातो तो नियमच. 1940 मध्ये मर्टननं उद्दिष्टांचं विस्थापन म्हणून हेच मांडलं, आणि मर्टन समोर आला की लेखी नियमांवर चालणाऱ्या नोकरशाहीची मांडणी करणारा वेबर आपोआप येतो. लगेच वेबरला झोडपू नका मात्र. आकडा नसता तर पंचनामा कोणाच्या वाड्यावर बसून झाला असता, हेही लिहा. दोन्ही बाजू एकाच शेतात उभ्या केल्या की टीकात्मक परीक्षण झालंच.

हे पेपरात लिहिताना भाषा अशी ठेवा: "पीकनुकसानीचे पंचनामे वेबरच्या नियमबद्धतेचे गुण आणि मर्टनने दाखवलेले दोष एकाच वेळी समोर आणतात. पर्जन्यमानाचा निश्चित निकष पक्षपात रोखतो. मात्र मापन केंद्रापासून दूरच्या शिवाराला तोच निकष मदतीबाहेर ठेवू शकतो. ही पोकळी प्रत्यक्षात क्षेत्रीय कर्मचाऱ्याच्या स्वेच्छाधिकाराने भरली जाते." चार वाक्यं पुरे. चिखल आणि बूट आपल्यासाठी, पेपरासाठी नाहीत.

रिग्जच्या औपचारिकतेसाठी तहकूब ग्रामसभा घ्या. ग्रामसभेला 15 टक्के मतदार किंवा 100, यांपैकी जे कमी असेल तेवढी गणपूर्ती लागते. ती झाली नाही तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. पुढचं काय होतं ते गावातल्या कोणालाही विचारा. लिहिलेला नियम आणि चाललेला व्यवहार यांतलं अंतर दाखवायला याहून नेमकं उदाहरण मला तरी सापडलं नाही.

पंचायत राजचा प्रश्न समित्यांच्या सनावळीनं भरू नका. तिथंही भांडणच शोधा. 1957 मध्ये बलवंतराय मेहता समितीनं भर दिला तो गटपातळीच्या पंचायत समितीवर. वसंतराव नाईक समितीनं मात्र जिल्हा परिषद बळकट करायची शिफारस केली, 1961चा कायदा त्याच वाटेनं झाला आणि 1 मे 1962 पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या. जिल्हा का, गट का नाही, यावर एक परिच्छेद लिहिता आला तर पंचायतींना घटनात्मक दर्जा देणाऱ्या 73व्या घटनादुरुस्तीबद्दल (अंमल 24 एप्रिल 1993) लिहायलाही तुमच्याकडं काहीतरी स्वतःचं असेल. प्रादेशिक असमतोलासाठी घटनेचं कलम 371(2) (विदर्भ, मराठवाडा वगैरेंसाठी विकास मंडळांची तरतूद), दांडेकर समिती 1984 आणि केळकर समितीचा 2013चा अहवाल एवढं पुरतं. आपत्ती प्रशासनासाठी 30 सप्टेंबर 1993चा किल्लारी भूकंप आहेच.

वाचायला काय? इग्नूचं साहित्य ई-ज्ञानकोशावर फुकट आहे आणि बाजारातल्या अपेक्षित प्रश्नसंचांपेक्षा कितीतरी सरस आहे. दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाचे 15 अहवाल आहेत. सगळे वाचायच्या फंदात पडू नका. स्थानिक शासनावरचा सहावा आणि नागरिककेंद्री प्रशासनावरचा बारावा, एवढे दोन तरी नीट चाळा. विल्सनचा मूळ निबंध नेटवर मिळतो. इंग्रजी जुनं, जड आहे, पण एकदा तरी वाचा. गाईडमधला विल्सन आणि खरा विल्सन यांत फरक आहे.

आता लिहिण्याचं. "लोकप्रशासन हा आजच्या युगातील अत्यंत महत्त्वाचा विषय आहे" या वाक्यानं सुरुवात करणाऱ्याची वही मी तिथंच मिटतो. पहिल्या चार ओळींत तुमची बाजू आली पाहिजे. नवलोकव्यवस्थापनावर (सरकार खाजगी कंपनीच्या पद्धतीनं चालवा, या विचारावर) प्रश्न असेल तर 1991च्या हूडच्या लेखापासून इतिहास सांगत बसण्याआधी लिहून टाका: नागरिकाला ग्राहक मानल्यानं सेवा वेगवान झाली, पण ज्याची ऐपत नाही तो रांगेबाहेर गेला, असं या उत्तरात मांडलं आहे. मग पुरावा द्या. महाराष्ट्राचा 2015चा लोकसेवा हक्क कायदा इथं दोन्ही बाजूंनी वापरता येतो, कारण मुदतीत सेवा देणं हे त्यातलं बंधन आणि सेवा मागायला अर्जदार म्हणून पुढं येणं ही त्यातली अट.

तीन तासांत चार प्रश्न असतील तर प्रश्नाला 40 मिनिटं, त्यांतली पहिली पाच फक्त आराखड्याला. वीस मिनिटं हातात उरतात, ती वाचून बघायला. चौथा प्रश्न अर्धवट सोडून पहिला सजवत बसणं हा तोट्याचा धंदा आहे. पहिल्या उत्तरात चढवलेले दोन गुण चौथ्यात गेलेले आठ भरून काढत नाहीत.

सन आठवत नसेल तर सोडून द्या, अंदाजानं ठोकू नका. 'विसाव्या शतकाच्या मध्यावर' म्हटलं तरी चालतं. चुकीचा सन दिसला की तपासणारा पुढच्या बरोबर गोष्टींवरही संशय घेतो. विचारवंतांची नावं देवनागरीतच लिहा आणि पेपरभर एकसारखी लिहा. उदाहरण देताना कोणा साहेबाचं, सरपंचाचं नाव घेऊ नका. तिथं कामाची पद्धत मांडायची असते, गाऱ्हाणं नाही.

सराव हातानंच करा, वेळ लावून. उत्तर तपासायला विषय न शिकलेला माणूस शोधा. माझी उत्तरं आमच्या पंचायतीचा संगणक परिचालक वाचायचा. त्याला सायमन कोण ते माहीत नव्हतं, पण "इथं तुम्ही काय म्हणताय ते समजलं नाही" हे तो बिनदिक्कत सांगायचा.

सुरुवातीला हे तीन प्रश्न घ्या आणि आधी फक्त आराखडे पाडा. एक: राजकारण आणि प्रशासन यांतली रेषा ग्रामपंचायतीत कुठं ओढता येते? दोन: सायमनचा मर्यादित विवेक (निर्णय घेणाऱ्याकडं माहिती आणि वेळ कायम अपुराच असतो, हा विचार) मान्य केला तर दुष्काळ जाहीर करण्याचे निकष कसे असावेत? तीन: ऑनलाइन दाखल्यांमुळं तळातल्या कर्मचाऱ्याचा स्वेच्छाधिकार कमी झाला, की दुसऱ्या टेबलावर गेला? तिसऱ्याचा आराखडा पाडण्याआधी एखाद्या आपले सरकार केंद्रावर तासभर बसून या.