नवरीचे फोटो बाहेरच्या उजेडात कसे काढायचे

नवरीचे फोटो काढायचे म्हटलं की सगळे आधी बॅकग्राउंड शोधत फिरतात, कारंजं कुठाय, फुलांची कमान कुठाय. माझं ऐका, आधी चेहऱ्यावर उजेड कसा पडतोय ते बघा. उजेड चांगला असेल तर कार्यालयाच्या साध्या भिंतीपुढेही फोटो सुंदर येतो.

पहिलं काम वेळ मागून घ्यायचं, आणि ते आदल्या दिवशीच. नवरीच्या आईला किंवा मामांना सांगा की गौरीहराला बसायच्या आधी अर्धा तास आम्हाला द्या, आणि मेकअपवाल्या ताईंनाही तसं सांगून ठेवा कारण खरा उशीर तिथेच होतो. मुहूर्त बहुतेक वेळा दुपारचा, तेव्हा ऊन डोक्यावर असतं, डोळ्यांच्या खोबणीत काळोख होतो आणि नथीची काळी सावली ओठावर पडते. त्यानंतर आहेर, पंगती, भेटायला येणारे, नवरी पार दमून जाते. सकाळ जमलीच नाही तर संध्याकाळचा शेवटचा तास धरा, पुण्यात डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि मे मध्ये सातच्या, त्या हिशोबाने तयारी.

आता जागा. वर छप्पर आणि समोर मोकळं आकाश अशी सावली हवी, म्हणजे कार्यालयाचा पोर्च, वाड्याची ओसरी, इमारतीच्या सावलीची बाजू. स्वतःचा तळहात डोळ्यांसमोर धरून जागेवरच गोल फिरा, ज्या दिशेला हातावरचा उजेड मऊ आणि एकसारखा दिसेल तिकडे नवरीचं तोंड करायचं. सावलीच्या कडेपासून दोन-तीन फूट आत उभी करा. झाडाखाली मात्र जपून, पानांतून ऊन गळतं आणि गालावर पांढरे डाग पडतात. मांडवाच्या लाल-पिवळ्या कापडाखाली तर नकोच, तो रंग चेहऱ्यावर उतरतो आणि नंतर काही केल्या जात नाही. उन्हातल्या लॉनजवळ उभं केलं तर हनुवटीखाली हिरवट छटा येते हेही लक्षात ठेवा.

डोळ्यांखाली थोडं काळं वाटलं तर करवलीच्या हातात पांढरा थर्माकोल द्या, कमरेच्या उंचीवर, थोडा वर कललेला. सोनेरी रिफ्लेक्टर नको, हळदीच्या अंगावर फारच पिवळं होतं.

कॅमेरा असेल तर ८५ एमएमची लेन्स, अ‍ॅपर्चर (लेन्सचं तोंड किती उघडं ते) एफ २.८, शटर १/२५० सेकंदापेक्षा मंद नको, फाइल रॉ, म्हणजे नंतर रंग नीट करता येतात अशी कच्ची. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, ऑटोवर ठेवू नका कारण फ्रेममध्ये पिवळी अष्टपुत्री साडी भरली की कॅमेरा तो पिवळा मारायला जातो आणि सगळं निळसर होतं, सावलीत साधारण ७००० केल्विनला लावून टाका. फोन असेल तर चेहऱ्यावर बोट दाबून फोकस लॉक करा आणि स्क्रीनवरूनच फोटोचा उजेड किंचित कमी करा, म्हणजे जरीचे काठ पांढरे फटक होणार नाहीत. पोर्ट्रेट मोडवर फार भरवसा नको, गजरा आणि नथीच्या कडा बऱ्याचदा पुसट होतात.

नथ डाव्या बाजूला असते, म्हणून नवरीला मान थोडी तिच्या उजवीकडे वळवायला सांगा की नथ पूर्ण दिसते. मुंडावळ्या दोन्हीकडे सारख्या करा, एखादी डोळ्यावर आली की सगळा फोटो जातो. हिरवा चुडा आणि मेंदीसाठी हात पदराजवळ आणा. पैठणी धूपछाँव असेल तर पदर थोडा हलवून बघा, कोन बदलला की त्यातला दुसरा रंग उजळतो. "ताई, हसा" असं म्हणू नका, करवलीला तिच्याशी बोलत राहू द्या, हसू आपोआप येतं आणि तेच खरं असतं.

संध्याकाळी सूर्य नवरीच्या पाठीमागे घ्या, केसांना आणि जरीला सोनेरी कड येते. एक्सपोजर, म्हणजे उजेडाचं माप, चेहऱ्यावर धरा, मागचं आकाश पांढरं फटक झालं तरी चालेल, फक्त लेन्सवर थेट ऊन येत असेल तर कुणाला तरी वर हात धरायला लावा.

आणि एडिटिंगमध्ये कृपा करून नवरीला गोरी करू नका. त्वचा उजळवली की हळदीचा पिवळा आणि कुंकवाचा लाल दोन्ही फिके पडतात आणि ती वेगळीच कुणीतरी दिसायला लागते. डोळ्यांखालची सावली थोडी उचला, बाकी रंग तिचा आहे तसाच राहू द्या.